किराण्याची वही आणि कर्जाचा हप्ता

कर्ज फेडीत असलेल्या घरात महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दोन कागद समोरासमोर येतात. एक बँकेचा किंवा पतपेढीचा. त्यावर हप्त्याची तारीख आणि रक्कम छापलेली असते. दुसरा गृहिणीच्या हातचा. त्यावर तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा अशी यादी असते आणि बहुधा ती शिसपेन्सिलीने लिहिलेली असते. पैसा कमी पडला म्हणजे या दोहोंपैकी कोणत्या कागदावर खाडाखोड व्हावयाची, हे सांगण्यास ज्योतिषी नको. हप्ता चुकला तर दंड बसतो, निरोप येतो, चारचौघांत नाव जाते. अर्धा किलो डाळ कमी आणली तर कोणी विचारावयास येत नाही. कर्ज हा पैशाचा प्रश्न आहे असे आपण म्हणतो. परंतु मध्यम स्थितीतल्या कुटुंबात त्याचा निकाल बहुतेक वेळा स्वयंपाकघरात लागतो, आणि तोही गाजावाजा न होता.

हा विषय हवेत राहू नये म्हणून एखादे ठिकाण डोळ्यांपुढे ठेवणे बरे. रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा नावाचा भाग आहे. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आळी, मोहल्ला. कंकाली तलाव जवळ, सदर बाजार आणि गोल बाजारही पायी जाण्याच्या अंतरावर. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढवर बसला, बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि तेव्हापासून मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण झाला आणि त्याची राजधानी नागपुरासच राहिल्यामुळे कचेरी, शाळा, न्यायालय आणि मागाहून रेल्वे यांच्या निमित्ताने हा ओघ चालूच राहिला. १९५६ साली नागपूर एका राज्यात गेले आणि रायपूर दुसऱ्या. २००० साली रायपूर छत्तीसगढची राजधानी झाले. या सर्व उलथापालथीत इथल्या मराठी घरांची एक रीत मात्र टिकली. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भाजीवालीशी छत्तीसगढी. पुण्यामुंबईकडे ज्याला वाणसामान म्हणतात त्याला इथे विदर्भाप्रमाणे किराणा म्हणतात, आणि वाण्याला सेठ किंवा भैया.

अशा वस्तीतले एक घर कल्पू. हे कोणा विशिष्ट कुटुंबाचे वर्णन नव्हे. हिशेब मांडता यावा यासाठी घेतलेले हे उदाहरण आहे. पतिपत्नी आणि शाळेत जाणारी दोन मुले. घर वडिलोपार्जित असल्यामुळे भाडे नाही. पतीची खासगी नोकरी, पत्नी दुपारी मुलांच्या शिकवण्या घेते; दोघांची मिळून प्राप्ती दरमहा ३२,५०० रुपये. घरातल्या एका मोठ्या आजारपणात ३ लाखांचे कर्ज काढावे लागले. व्याज वार्षिक १२ टक्के, मुदत तीन वर्षे. हप्ता येतो सुमारे १०,००० रुपयांचा. उरले २२,५००. त्यांतून किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून १२,०००, शाळेची फी आणि पुस्तके ४,५००, वीज, पाणी, टेलिफोन २,५००, जाण्यायेण्याचे २,०००, औषधपाणी १,५००. बेरीज करून पाहिली तर पैसा पैशाला जुळते. कागदावर हे घर सुखाने कर्जमुक्त होणार आहे.

आता कागदाबाहेरचे पाहू. एका महिन्यात भाच्याचे लग्न निघते. पुढे कधी स्कूटर बिघडते, कधी गावाहून पाहुणे येऊन आठ दिवस राहतात. दर दोन महिन्यांनी असा ३,००० रुपयांचा एक जादा खर्च आला, तर तो भागवायचा कशातून? हप्ता हलत नाही, फी हलत नाही, विजेचे बिल हलत नाही. तेव्हा गृहिणी दुकानात जाते, सामान बांधून घेते आणि हलक्या आवाजात म्हणते, 'भैया, लिख लेना.' दुकानदारही 'कोई बात नहीं, काकी' म्हणून वही ओढतो. झाले. ज्या घरात एकच कर्ज होते तेथे आता दोन झाली. फक्त दुसऱ्याला कोणी कर्ज म्हणत नाही.

सहा महिन्यांनी काय झालेले असते? बँकेचे मुद्दल सुमारे ४३,००० रुपयांनी उतरलेले असते, आणि किराण्याच्या वहीत ९,००० रुपये चढलेले असतात. म्हणजे फेडलेल्या प्रत्येक पाच रुपयांमागे एक रुपया दुसऱ्या दाराने घरात परत आला. कुटुंबप्रमुखाला वाटते, कर्ज उतरते आहे. त्याचा एक पंचमांश भाग उतरलेला नसून त्याने फक्त सावकार बदललेला आहे.

हा नवा सावकार स्वस्त आहे की महाग? वरवर पाहता तो व्याज घेतच नाही. पण उधारीचे गिऱ्हाईक भाव विचारीत नाही; विचारले तरी घासाघीस करीत नाही; आणि दुसऱ्या दुकानी तर जाऊच शकत नाही, कारण जुनी बाकी राहिलेली असताना शेजारच्या दुकानातून पिशवी भरून आणणे माणसाला प्रशस्त वाटत नाही. समजा, या कुटुंबाचा कोरडा किराणा महिन्याला ६,००० रुपयांचा आहे, आणि गोल बाजारात रोखीने घेतला असता तर तो शेकडा पाचाने स्वस्त पडला असता. म्हणजे महिन्याला ३०० रुपये अधिक जातात. सहा महिन्यांतील सरासरी उधारी ६,००० रुपये. सहा हजारांवर महिन्याला तीनशे म्हणजे शेकडा पाच दरमहा, वर्षाला साठ टक्के. बँक बारा टक्के घेते म्हणून जिला आपण डोक्यावरचे ओझे म्हणतो, तिच्या पाचपट दराचे कर्ज गूळ-शेंगदाण्यांच्या पुडीबरोबर घरात येत असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढे ढकलली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के पडतात, हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. वहीचा हा दर मात्र कोणी काढून पाहत नाही, कारण तो भावात मिसळलेला असतो.

येथे दुकानदाराला खलनायक ठरविण्याचे कारण नाही. तो कागदपत्र मागत नाही, जामीन मागत नाही, रात्री नऊ वाजता मुलगा तापाने फणफणला असताना साबुदाणा आणि ग्लुकोज घरी पाठवितो. त्याचाही पैसा अडकलेला असतो. त्याला घाऊक व्यापाऱ्याचे देणे असते, आणि वहीतील काही पाने कधीच वसूल होत नाहीत. चार गिऱ्हाइकांनी बुडविलेले तो चाळीस गिऱ्हाइकांच्या भावात वाटून घेतो. यात लबाडी थोडी आणि व्यवहार पुष्कळ. दोष असेल तर तो वही गिऱ्हाइकाच्या घरी नसून फक्त दुकानात असण्याचा.

उधारीचीही एक मर्यादा येते. बाकी बरीच झाली म्हणजे दुकानात जाण्याचाच संकोच वाटू लागतो, आणि मग खरी काटकसर सुरू होते; तिला काटकसर म्हणावे की उपासमारीची पहिली पायरी, हा प्रश्नच आहे. तांदळाला सहसा कात्री लागत नाही. छत्तीसगढ हा भाताचा मुलूख. तांदूळ येथे मिळतोच, आणि पोट भरल्याची जाणीव त्याने लवकर होते. कात्री लागते ती डाळीला, दुधाला, तेलाला, फळांना. वरण पातळ होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी दिवसाला धान्य सुमारे २५० ग्रॅम आणि डाळी सुमारे ८५ ग्रॅम धरल्या आहेत; मांसाहारी घरांत डाळीचा काही भाग अंडी-मांसाने भरून निघतो. चार माणसांच्या शाकाहारी घराला या मापाने महिन्याला धान्य ३० किलो आणि डाळ-कडधान्य १० किलो लागेल. चारजणांच्या किती घरांत महिन्याला दहा किलो डाळ येते? कर्ज नसलेल्या घरांतही उत्तर फारसे समाधानकारक येणार नाही. कर्ज असलेल्या घरात ते चार-पाच किलोंवर आले तरी कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पातेले तेवढेच भरलेले दिसते.

आणि ते पातेले कोणापर्यंत येऊन संपते? आधी मुले, मग कामावर जाणारा पुरुष, शेवटी वाढणारी. पातळ झालेल्या वरणाचा तळ तिच्या वाट्याला येतो. दुधाचा तर प्रश्नच नाही, ते तिने केव्हाच सोडलेले असते आणि 'मला आवडत नाही' असे कारण देऊन टाकलेले असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ च्या पाहणीत देशातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ती सर्व कर्जाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. परंतु ज्या शरीरात आधीच रक्त कमी आहे त्याच शरीराकडून घराचे कर्ज फेडून घेणे, हा कोणत्या हिशेबाचा भाग आहे, याचा विचार व्हावयास हवा. त्या थकव्याचे औषध पुढे दोन-तीन वर्षांनी घ्यावेच लागते, आणि त्याचे पैसे 'औषधपाणी' या सदरात पडतात. किराण्यात वाचविलेले तेथे खर्ची लागतात.

गंमत अशी की, कायदा या बाबतीत घरापेक्षा अधिक दयाळू आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम जप्तीविषयी आहे. ज्याच्यावर न्यायालयाचा हुकूमनामा झाला आहे अशा ऋणकोचीही काही चीजवस्तू धनकोला जप्त करता येत नाही: त्याचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी. साधारण देण्यापोटी पगार जप्त करावयाचा तर पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सोडूनच हात घालता येतो. म्हणजे न्यायालयात हरलेल्या माणसाची चूलसुद्धा कायद्याने राखली आहे. न्यायालयाची पायरी कधी न चढलेले, हप्ते वेळेवर भरणारे सभ्य कुटुंब मात्र आपल्याच चुलीवर आपल्याच हाताने जप्ती आणते.

अन्न आधी, देणे नंतर, हा विचार नवा नाही; तो आपल्या इतिहासात पुष्कळ किंमत देऊन शिकलेला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि सावकारांच्या घरांतून कर्जरोखे व हुकूमनामे काढून त्यांनी जाळले. माणसे मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर त्यांचा भर होता, ही त्या दंग्यांची विशेष गोष्ट. त्या कागदांत काय लिहिले आहे हे ऋणकोला वाचता येत नव्हते आणि त्याची प्रत त्याच्यापाशी नव्हती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, त्यात न्यायालयाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. शिवाय पैशांची पावती, हिशेबाचा उतारा आणि पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोला देण्यात आला. आपल्या जुन्या धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियमही याच जातीचा: व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये. मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो पुढेही मानला. मध्यप्रांताने १९३३ साली कर्ज-तडजोडीचा कायदा केला. हिंदुस्थानातील अशा प्रकारचा तो पहिला. धनको आणि ऋणको यांना मंडळापुढे समोरासमोर बसवावयाचे, कर्जाची रक्कम ठरवावयाची, आणि ऋणकोला झेपेल अशा हप्त्यांनी ती फेडण्याची व्यवस्था करावयाची. 'झेपेल अशा' हे शब्द महत्त्वाचे आहेत.

रायपूरचे नाव या इतिहासात एका मराठी गृहस्थामुळे आले आहे. वामनराव लाखे हे मूळ रायपूरचेच. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, तेव्हा त्या उद्योगात लाखे सामील होते. पुढे ते वकील झाले, राष्ट्रीय चळवळीत पडले, तुरुंगात गेले. परंतु या भाषणाच्या विषयाला जवळचे काम वेगळे आहे. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला, १९१२ च्या दुसऱ्या कायद्याने मध्यवर्ती बँकांना वाट करून दिली, आणि १९१३ साली लाखे यांनी रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली. तिचा व्याप त्यांनी पुष्कळ वर्षे स्वतः सांभाळला. १९४५ साली बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी निघाली, तिच्यामागेही तेच होते. वकिली करणाऱ्या मनुष्याने पतपुरवठा आणि भात कांडण्याचा कारखाना या दोन्हींत एकाच तळमळीने लक्ष घालावे, यात त्यांची दृष्टी दिसते. कर्ज आणि धान्य या एकाच गाठीच्या दोन बाजू आहेत हे त्यांना कळले होते. रायपुरात आज लाखेनगर आहे. तेथून जाणाऱ्या किती जणांना हे नाव कोणाचे ते आठवत असेल, कोण जाणे.

किराण्याच्या वहीतून बाहेर पडण्याचे याहून ठळक उदाहरण रायपुरापासून दूर, मुंबईच्या गिरणगावात सापडते. गिरणी कामगारांना घरगुती खानावळी चालवून जेवण पुरविणाऱ्या बायका तेथे हजारोंनी होत्या. कामगार महिन्याच्या शेवटी पगार झाला म्हणजे पैसे देणार. जेवण मात्र रोज घालावयाचे. तेव्हा धान्य वाण्याकडून उधारीने, आणि वाणी सांगेल त्या भावाने. पगाराचा पैसा आला की तो सरळ वाण्याकडे आणि सावकाराकडे जाई. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा उधारी. दोन्ही वेळा शंभर पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या हातात वर्षाअखेर काही उरत नसे. गोवामुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ साली झाले होते, आणि गरिबांसाठी चार टक्के व्याजाची योजना १९७२ पासून निघाली होती. मंडळाने एकमेकींच्या जामिनावर बायकांना त्या बँकांच्या दारापर्यंत नेले. त्यांचे जेवण घालण्याचे काम तेच राहिले, कामगारही तेच; बदलले ते इतकेच की धान्य रोखीने घेता येऊ लागले. भाव विचारण्याचा अधिकार परत मिळाला. मदत यापेक्षा मोठी असते असे वाटत नाही.

ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या कल्पित कुटुंबाला चार टक्क्यांचे कर्ज कोणी देणार नाही. पण तत्त्व तेच लागू पडते: महाग देणे आधी मिटवावे, आणि ते मिटविण्यासाठी स्वस्त देण्याला थोडे थांबवावे लागले तरी चालेल. त्यांनी बँकेत जाऊन तीन वर्षांची मुदत चार वर्षे करून मागितली, आणि बँकेने ती दिली, तर हप्ता दहा हजारांवरून सुमारे ७,९०० रुपयांवर येतो. दरमहा दोन हजारांहून थोडे अधिक सुटतात. त्याची किंमत आहे. चार वर्षांत एकंदर व्याज सुमारे २०,५०० रुपयांनी अधिक भरावे लागते. वीस हजार ही लहान रक्कम नव्हे, आणि तिच्याकडे डोळेझाक करून मुदत वाढवीत राहणे हा मूर्खपणा होईल. पण दुसऱ्या बाजूला साठ टक्क्यांची वही आणि पातळ झालेले वरण आहे, हे जमेस धरले म्हणजे सौदा महाग वाटत नाही. आणि ही विनंती हप्ता थकण्यापूर्वी करावयाची असते. थकल्यानंतर गेलेल्या माणसाशी बँक वेगळ्या स्वरात बोलते. सुटलेल्या दोन हजारांतून दीड हजार दरमहा वहीत भरले तर नऊ हजारांची बाकी सहा महिन्यांत संपते. उरलेले पाचशे जादा खर्चाच्या डब्यात. वही मिटली की पुढे तीन हजारांच्या लग्नाला सामोरे जाण्यास तो डबा असतो, आणि मुदतीआधी कर्जात अधिक भरणा करून वाढलेले व्याज पुन्हा खाली आणण्याची सोयही बहुतेक बँकांत असते. मात्र त्यास दंड आहे का, हे आधी विचारून घ्यावे.

खरेदीच्या रीतीतही पुष्कळ वाव आहे, आणि तो खाण्याला धक्का न लावता मिळणारा आहे. आपल्या आज्यांच्या तोंडी 'बेगमी' हा शब्द असे. नवा तांदूळ निघाल्यावर तांदूळ, उन्हाळ्याच्या तोंडी तूर, मग तिखट-हळद. जो माल ज्या काळी बाजारात पडतो त्या काळी तो वर्षाचा भरावयाचा. पाव किलोची पुडी नेहमीच महाग पडते, हे कोणत्याही दुकानात पाहता येईल. एका कुटुंबाला पोते परवडत नसेल तर तीन कुटुंबांनी मिळून घ्यावे. मुंबईत ग्राहक पंचायतीने १९७५ पासून हेच केले: शेजारच्या घरांचे संघ केले, महिन्याची मागणी एकत्र नोंदविली, घाऊक माल आणून वाटून घेतला. त्याआधी १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत 'अपना बाजार' निघाला तो याच विचाराने. एखाद्या वाड्यातील तीन बिऱ्हाडांना त्यासाठी नोंदणीची गरज नाही. एक तराजू आणि एकमेकींचा विश्वास पुरे. शिधापत्रिकेची लाज बाळगणाऱ्या घरांनीही थोडा विचार करावा. छत्तीसगढात २०१९ साली सामान्य कुटुंबांनाही दहा रुपये किलोने तांदूळ देण्याची सोय झाली. सरकारी तांदूळ जाड असतो म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी त्याचे चिले करून पाहावेत.

चिल्यांचे नाव निघालेच आहे तर शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आणखी बरेच आहे. छत्तीसगढी स्वयंपाकघर भाज्यांच्या बाबतीत फार श्रीमंत आहे: लाल भाजी, चेच, पोई, चरोटा, बोहार, आणि मुनगा, म्हणजे आपला शेवगा. पावसाळ्यात यांतील काही भाज्या फुकट नाही तरी फुकटाच्या मोलाने मिळतात. तांदळाची कणी, जिला येथे कनकी म्हणतात, तिचे फरे होतात. रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी कांद्याबरोबर खावयाची बासी ही पूर्वी कष्टकऱ्यांची न्याहारी मानली जाई. २०२२ पासून १ मे रोजी ती शासकीय सन्मानानेही खाल्ली गेली. मात्र स्वस्त ते सर्व घेण्याजोगे नसते. लाखोळीची डाळ, येथे जिला तिवरा म्हणतात, ती तुरीपेक्षा नेहमीच स्वस्त. पण दिवसेंदिवस तिच्यावरच गुजराण केली तर पाय लुळे पडतात, हे विदर्भाने आणि छत्तीसगढने दुष्काळात डोळ्यांनी पाहिले आहे. तूरडाळ किंवा बेसन संशयास्पद स्वस्त मिळाले तर त्यात लाखोळीची भेसळ आहे का, हे पाहावे.

आता हे सर्व करावयाचे कोणी? बहुतेक घरांत बँकेचा हप्ता पुरुषाला ठाऊक असतो आणि किराण्याची बाकी स्त्रीला. तो तिला घाबरवू नये म्हणून कर्जाचा नेमका आकडा सांगत नाही. ती त्याला त्रास नको म्हणून वहीचा आकडा सांगत नाही. दोघांचा हेतू चांगला, आणि दोघांच्या चांगुलपणामुळे घराचे एकूण देणे किती हे घरात कोणालाच माहीत नसते. दोन्ही आकडे एकाच पानावर लिहिले गेले पाहिजेत, आणि त्या पानावर खर्चाची पहिली ओळ हप्त्याची न ठेवता अन्नाची ठेवली पाहिजे: धान्य इतके, डाळ इतकी, दूध इतके, माणशी. त्यात वाढणारीचे दूधही माणशीच धरावे. एवढे बाजूला काढल्यानंतर जे उरते त्यातून हप्ता बसत नसेल, तर बदलावयाचा तो हप्ता. किराण्याच्या वहीची एक प्रत घरी ठेवावी; प्रत्येक खेपेला भावासकट ती दुकानातच लिहून घ्यावी. १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याला जो हक्क दिला तो नागरी गृहिणीने आपणहून घेण्यास कोणाची हरकत असणार नाही, आणि सज्जन दुकानदार तर नाहीच.

बाकी मिटविण्यास दिवस कोणता चांगला, हेही दुकानदाराच्या सोयीने पाहावे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्या पूजतात, आणि जुन्या बाक्या नव्या वहीत ओढून नेणे कोणालाच आवडत नाही. त्या सुमारास दोन हजार रोख समोर ठेवून 'सेठजी, उरलेल्याचे काय करता?' असे विचारले तर शे-दोनशे रुपये सुटण्याचा संभव असतो. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात नवा तांदूळ गोल बाजारात उतरू लागतो, आणि ज्याची बाकी कोठे राहिलेली नाही त्याला चार दुकाने फिरून, मूठभर दाणे तळहातावर घेऊन, भाव विचारता येतो.